खाडीची नाडी कोणाच्या हातात?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत बैठक होती. मी म्हटलं, आज खाडीवर बोलू या. पाणी, चिखल, तिवरं, चिंबोऱ्या यांवर. एक मित्र फाडकन म्हणाला, "च्यायला, आपल्यात हे फ्लेमिंगोवाले कधीपासून शिरले? घरं तुटताहेत, नोकऱ्या कंत्राटात गेल्या, पोरं गटारात गुदमरून मरताहेत आणि तू पक्षी मोजणार?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि रात्रभर झोप नाही. कारण तो अर्धा बरोबर होता. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

मी मुंबईच्या गोदीत कंत्राटी कामगार आहे. बोटीतून पोलादाची गुंडाळी वर येते, तिला स्लिंग लावायचं, क्रेनवाल्याला हात दाखवायचा, खाली उभं राहायचं. दहावी पास. कविता लिहितो. खाडीवर बोलायला लागते ती डिग्री माझ्याकडे नाही. पण माझा बाप दारूखान्यात जहाजं तोडता तोडता खोकून मेला. आई देवनारच्या डंपिंगवर भंगार वेचते. मी बंदरात. तिघांच्या अंगाला एकाच खाडीचा चिखल लागला. एवढं माझं शिक्षण पुरे आहे असं मी मानतो.

आता मुद्द्यावर येतो.

पाणी तपासणं या देशाला नवीन नाही. फार जुनी विद्या आहे ती. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. त्या तळ्यात जनावरं पाणी पीत होती, तेव्हा कोणाला तपासणी सुचली नाही. माणसाचा हात लागला आणि तळं बिघडलं! मग १०८ घागरी आणून, शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केलं. या देशाची ही पाणी-परीक्षा. पाण्यात काय आहे ते बघायचं नाही, पाण्याला कोण शिवलं ते बघायचं. सार्वजनिक तळं सगळ्यांचं, हे कोर्टात कायमचं ठरायला १९३७ उजाडलं.

आणि त्याच १९२७ सालापासून मुंबईचा कचरा देवनारला पडतो आहे. ठाणे खाडीच्या काठावर. तिकडे महाडला आपल्या ओंजळीने तळं बाटत होतं, इकडे अख्ख्या शहराची घाण खाडीत ओतायची सोय होत होती आणि त्यात कोणाचा धर्म बुडाला नाही. पावसात त्या डोंगरातून काळं पाणी झिरपतं, ते खाडीत जातं. जानेवारी २०१६ मध्ये डोंगर पेटला. तो धूर आकाशातल्या उपग्रहाला दिसला, त्याचे फोटो जगभर छापून आले. गोवंडीच्या पोरांची छाती मात्र कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही.

आता आजची परीक्षा बघा. सरकारने समुद्राच्या पाण्याचे वर्ग पाडलेत. किती? पाच. एसडब्ल्यू एक ते एसडब्ल्यू पाच. पहिला वर्ग मिठागरं, शिंपल्या-कालवं आणि नाजूक जीवसृष्टीच्या जागांचा. दुसरा आंघोळीचा आणि व्यापारी मासेमारीचा. तिसरा कारखान्याची यंत्रं थंड करायचा आणि नुसतं बघायचा. चौथा बंदराचा. आणि पाचवा, सगळ्यांच्या खाली, बोटी हाकायचा आणि घाण सोडायचा. चार वर्ण आणि बाहेरचा पाचवा! ज्याने हे लिहिलं त्याच्या मनात हे नसेलही. पण हात आपोआप तिकडेच वळतो.

दुसऱ्या वर्गाच्या पाण्यात लिटरमागे विरघळलेला प्राणवायू निदान ४ मिलिग्रॅम पाहिजे. चौथ्याला ३ चालतो. दुसऱ्यात १०० मिलिलिटरमागे मैल्याचे जंतू १०० पर्यंत, चौथ्यात ५०० पर्यंत. म्हणजे गोदीतलं पाणी नापास व्हायलाही जास्त घाण लागते. का? कारण तिथे कोणी आंघोळ करत नाही म्हणे. दोस्तहो, मी रोज त्या पाण्याच्या काठाला असतो. दोर ओला असतो, पाणी उडतं, तोंडावर येतं, जखमेत जातं. माझा वर्ग कुठला?

मला हे आकडे कसे कळले, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी गोदीत काम नव्हतं. मुकादम म्हणाला, एका सर्व्हेवाल्या कंपनीला चार दिवस माणूस पाहिजे, जातोस का? गेलो. खाडीची तब्येत तपासायची होती, कुठल्याशा बांधकामाच्या परवानगीसाठी. साहेब बोटीत, हातात मोजे. मी चिखलात, मांडीपर्यंत. तिवरांची मुळं खिळ्यासारखी वर आलेली असतात, पायात घुसतात. पाइप चिखलात दाबायचा, वर ओढायचा, आतला चिखल पिशवीत भरायचा, चिठ्ठी लावायची. पाण्याच्या बाटल्या भरायच्या. साहेब वाईट माणूस नव्हता. विचारलं ते सांगायचा. आकडे त्यानेच सांगितले.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "साहेब, आपण रोज भर भरतीला येतो, दुपारी. भरतीला बाहेरचं पाणी आत येतं, सगळं धुतलेलं दिसतं. ओहोटीला, पहाटे, नाल्याच्या तोंडाशी घ्या. मग कळेल."

साहेब म्हणाला, "ओहोटीला बोट रुतते. आणि तुझं काम बाटली भरायचं आहे."

खरं सांगायचं तर त्यालाही ठाऊक होतं. शहराचा मैला पाण्यात आला की जंतू तो खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू ओढतात. दिवसा शेवाळ उन्हावर थोडा प्राणवायू परत देतं. रात्री ते देत नाही, उलट घेतं. म्हणून पहाटेच्या ओहोटीला खाडीचा श्वास सगळ्यात कमी असतो. दम्याच्या रोग्याला पहाटे तीनला बघायचं सोडून दुपारी बाराला बघितलं आणि 'तब्येत ठीक' म्हणून सही ठोकली, तर तो डॉक्टर कोणाच्या बाजूचा?

पुढे तो रिपोर्ट मला एका ओळखीच्या पोराने दाखवला. इंग्रजीत, जाड, रंगीत नकाशे. नमुने कोणी गोळा केले या रकान्यात साहेबाचं नाव. माझं नाव नव्हतं. माझ्या पायाची जखम दीड महिना भरली नव्हती, ती पण नव्हती. नाव छापून यावं म्हणून मी रडत नाही. कविता छापून आली की तेवढं पुरतं मला. पण चिखलात उतरलेल्या माणसाला जे माहीत आहे ते रिपोर्टमध्ये नसेल, तर तो रिपोर्ट खोटा नसला तरी आंधळा आहे.

आता खाडी तपासायची म्हणजे काय, ते आपल्या भाषेत समजून घेऊ. कारण हे ज्ञान काही कोणाच्या बापाचं नाही.

पाणी येतं आणि जातं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पाणी साक्षीदार म्हणून कच्चा आहे, त्याला लगेच फोडता येतं. चिखल फुटत नाही. शिसं, पारा, तांबं, कॅडमियम हे सगळं बारीक गाळाला चिकटून बसतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून रसायनांचे कारखाने उभे राहिले. त्यांनी काय सोडलं ते त्यांच्या कागदात मिळणार नाही, चिखलाच्या थरात मिळेल. चिखल हा आपल्यासारखा आहे. तो खाली असतो, सगळ्यांचं अंगावर घेतो आणि विसरत नाही. म्हणून खाडीची तब्येत बघायची तर बाटलीबरोबर गाळ तपासला पाहिजे. आणि गाळात राहणारे जीव.

गाळात बारीक किडे असतात. धड चिखलात त्यांच्या अनेक जाती एकत्र नांदतात. घाण वाढली, प्राणवायू गेला की बाकीच्या जाती मरतात आणि घाण सोसणारी एखाददुसरी जात लाखोंनी वाढते. शास्त्रज्ञ हीच खूण धरतात. जिथे एकाच जातीचं राज्य, तो चिखल आजारी. मी हे ऐकलं तेव्हा मोठ्याने हसलो. साहेबाला कळलं नाही का हसतो ते. तुम्हाला कळलं असेल.

आणि गोगलगायी. बोटीच्या बुडाला शिंपल्या चिकटू नयेत म्हणून पूर्वी एक विषारी रंग लावायचे, कथलाचं संयुग घातलेला. तो पाण्यात उतरायचा. बंदराजवळच्या समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटायला लागली, अंडी घालता येईनात. लिटरमागे अगदी कणभराने हे व्हायचं. आधी परदेशात कळलं, मग भारताच्या बंदरांतही गोगलगायी तशाच सापडल्या. २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८ पासून तो रंग बंद. गोगलगायीची तपासणी झाली म्हणून रंग थांबला. चांगलं झालं. पण बोटीच्या बुडाचा तो रंग खरवडणारा माणूस? त्याची धूळ कुठे गेली? माझा बाप जुन्या जहाजाचे पत्रे कापायचा. पत्र्यावरचा रंग जळून त्याच्या नाकात जायचा. त्याला कोणी उघडून बघितलं नाही.

इथे माझ्या मित्राचं अर्ध बरोबर येतं. या देशात पक्षी मोजतात, माणूस मोजत नाहीत.

ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. २०२२ साली ती रामसर यादीत गेली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत. फ्लेमिंगो लाखाच्या वर येतात. ऐरोलीहून बोटी सुटतात, लोक फोटो काढतात. गुलाबी रंग, छान दिसतो. पण लहान फ्लेमिंगो खातो काय? शेवाळ. शेवाळ कशावर वाढतं? भांडुप-घाटकोपरपासून नवी मुंबईपर्यंतचं सांडपाणी या खाडीला मिळतं, त्याच्या खतावर. म्हणजे शहर जे शौचकुपात सोडतं त्याचा तो गुलाबी रंग आहे. पक्षी वाढले म्हणून खाडी सुधारली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पक्षी खोटं बोलत नाही, त्याच्या जिवावर जाहिरात करणारा बोलतो.

मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले. एकेक गोळा केला, मोजला, चिरून तपासला. झालंच पाहिजे ते. मला त्या पक्ष्यांचं दुःख आहे, टिंगल नाही. पण २०२१ साली राज्यसभेत सरकारने उत्तर दिलं की, हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. एकही नाही! गटारात आणि सेप्टिक टाकीत मेलेली माणसं वेगळ्या रकान्यात टाकली, 'धोकादायक सफाई' म्हणून. रकाना बदलला की मढं गायब. यालाच मी म्हणतो मोजणीचं राजकारण. मोजणारा हात ज्याचा, रकाना त्याचा.

म्हणून मित्राला माझं उत्तर असं : मोजणी सोडायची नाही. मोजणी हिसकावून घ्यायची.

जपानमध्ये मिनामाता नावाचं गाव आहे, खाडीकाठचं, मासेमारी करणाऱ्या गरिबांचं. तिथल्या कारखान्याने वर्षानुवर्षं पारा खाडीत सोडला. आधी मांजरं नाचल्यासारखी वेडीवाकडी होऊन मेली. मासे खाणाऱ्यांत सगळ्यात आधी मांजरं. मग पोरं. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कारखान्याच्या स्वतःच्या डॉक्टरने कारखान्याचं पाणी एका मांजराच्या अन्नात घालून बघितलं. प्रयोगातलं ४०० नंबरचं मांजर. त्याला तोच रोग झाला. कारखान्याने काय केलं? प्रयोग दाबला. सरकारने कारण मान्य केलं १९६८ साली. तोवर पारा खाडीत जातच होता. बघा, तपासणी झाली होती. आकडा होता. पण तो आकडा मालकाच्या कपाटात होता. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत आईच्या पोटात असलेली पोरं वाकडी जन्मली.

आमच्याकडे कपाट किती आहेत, कोण सांगणार?

माझ्या आईला चिंबोरी आवडते. रविवारी ती नाल्याच्या तोंडाशी पकडलेल्या चिंबोऱ्या आणते, कोणी पोरं विकतात, स्वस्त. मी चार दिवस चिखल भरून आलो त्या रविवारी तिला म्हटलं, "आई, ही नको खाऊ. हिच्या अंगात शिसं असतं, पारा असतो." तिने कालथा हातात धरून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मंग तुजा रिपोर्ट शिजवू का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजून नाही. ताजी सुरमई तिच्या आवाक्यात नाही. त्या चिंबोरीत नक्की किती विष आहे, आठवड्यातून एक खाल्ली तर काय, चार खाल्ल्या तर काय, हे आमच्या नाल्याच्या तोंडाशी येऊन कोणी तिच्या भाषेत सांगितलेलं नाही. मी तिला नुसती भीती दिली, माहिती नाही. आम्ही दोघं जेवलो. मीही खाल्ली.

इथे काय पणाला लागलंय ते तुम्हीच ठरवा.

आता कोणी म्हणेल, आकड्याने काय होतं? होतं. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उरण-न्हावाशेवा भागातल्या १६३० कोळी कुटुंबांना ९५ कोटींच्या वर भरपाई द्यायचा निकाल दिला. खाडी बुजवली, तिवरं मारली, मासे गेले हे सिद्ध झालं म्हणून. २००५ साली हायकोर्टाने राज्यभर तिवरतोडीला बंदी घातली. त्याच वर्षी २६ जुलैला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि बुजवलेल्या मिठीने सगळ्यांना सांगितलं की पाण्याची जागा कोणी खाल्ली. आकडा हे हत्यार आहे. म्हणूनच ते आपल्या हातात देत नाहीत.

पण हेच हत्यार आपल्यावरही चालतं. तिवरांत झोपडी दिसली की नकाशा काढतात, उपग्रहाचा फोटो दाखवतात, बुलडोझर आणतात. बुलेट ट्रेनला सुमारे २० हजार तिवरं तोडायची परवानगी मात्र डिसेंबर २०२२ मध्ये रीतसर मिळाली, जनहित म्हणून. आमचं घर अतिक्रमण, त्यांचा रूळ जनहित. आपण नकाशा वाचायला शिकलो नाही तर दर वेळी नकाशात आपण फक्त लाल ठिपका असणार.

तेव्हा मागण्या अशा :

एक, नमुना भरतीला आणि ओहोटीला, पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा घ्या. नाल्याच्या तोंडाशी घ्या, जिथे माणसं राहतात तिथे घ्या.

दोन, पाण्याबरोबर गाळ आणि लोक खातात ते मासे, चिंबोऱ्या, कालवं तपासा.

तीन, निकाल मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, वस्तीच्या नाक्यावर आणि कोळीवाड्यात लावा. त्यात 'मापदंडानुसार' असलं काही नको. खायचं की नाही, पोरांनी उतरायचं की नाही, एवढं लिहा.

चार, नमुना घेणारा माणूस वस्तीतला घ्या. शिकवा, मोजे द्या, बूट द्या, पगार द्या आणि रिपोर्टात त्याचं नाव घाला.

पाच, खाडीच्या तब्येतीच्या रिपोर्टात गटारात उतरणाऱ्याची, डंपिंगवर वेचणारीची, जहाज तोडणाऱ्याची, गोदीतल्या माणसाची तब्येत जोडा. आमची फुप्फुसं हे पण खाडीचं पाणीच पितात.

आणि सरकार देईल तेव्हा देईल. तोवर आपण काय करायचं? एक शंभर पानी वही घ्या. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते सांगतील : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. त्या वेळेला नाल्याच्या तोंडाशी जा. तारीख, तिथी, वेळ लिहा. पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे. ठरलेल्या जागी दोरीने चौकोन आखा आणि त्यात निवट्या किती, चिंबोऱ्यांची बिळं किती, तिवरांची नवी रोपं किती, मोजा. रंगाच्या डब्याचं झाकण घ्या, निम्मं काळं निम्मं पांढरं रंगवा, दोरीने पाण्यात सोडा, दिसेनासं होईल तिथे गाठ मारा. इटलीतल्या एका पाद्रीने १८६५ साली याच कामासाठी थाळी केली, आजही जगभर वापरतात. पाणी किती गढूळ ते कळतं. वर्षभर दर आठवड्याला हे लिहिलं तर ती वही कुठल्याही साहेबाच्या रिपोर्टासमोर ठेवता येईल.

कोळी बांधवांनाही बरोबर घेतलं पाहिजे. ते आपल्याला कधी लांब ठेवतात, आपण त्यांना. खाडी मेली तर दोघांच्या ताटात काही येणार नाही.

शेवटी एक. ६ डिसेंबरला आपले लाखो लोक चैत्यभूमीवर येतात. लांबलांबच्या खेड्यांतली माणसं, पहिल्यांदा समुद्र बघणारी. बाबासाहेबांना वंदन करतात, मग वाळूत उतरतात, पोरांचे पाय लाटेत बुडवतात, कोणी ओंजळभर पाणी तोंडाला लावतं. त्याच माहीमच्या उपसागरात मिठीचं पाणी येतं. महाडला ज्यांना ओंजळीचा हक्क मिळायला झगडावं लागलं, त्यांच्या नातवंडांच्या ओंजळीत आता काय आहे, हे विचारणं पांढरपेशांचा छंद नाही. तो सत्याग्रह अर्धा राहिला होता. पाण्याला हात लावायचा हक्क आपण मिळवला. पाण्यात काय आहे ते जाणायचा हक्क मिळवायचा बाकी आहे.

माझ्या मित्राला सांगा, पुढच्या ओहोटीला वही घेऊन मी नाल्याच्या तोंडाशी उभा आहे. ये. बूट नसले तरी ये, माझेही नाहीत.

जय भीम!